हाडात राहिलेला अर्धा प्राणी

महोदय,

मेलेल्या देवमाशाची हाडे खाणाऱ्या, खोल समुद्रातल्या ऑसेडॅक्स नावाच्या एका कृमीबद्दल मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून छापून येते. हा विषय वाचकांपर्यंत पोचतो याचा मनापासून आनंद आहे. मात्र त्या मजकुरात दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. एक तर त्याला ‘कीटक’ म्हणतात. कीटकाला सहा पाय असतात. हा प्राणी गांडूळ आणि जळू ज्या संघात मोडतात त्या वलयी संघातला आहे, समुद्रातल्या दृढरोमी, म्हणजे अंगावर ताठ केस असणाऱ्या, कृमींपैकी एक. दुसरी चूक जास्त घोळ घालते. ‘ऑसेडॅक्सची नवी प्रजाती सापडली’ असे लिहिले जाते. शाळेच्या पुस्तकात वर्गीकरणाची उतरंड दिलेली असते : संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. ऑसेडॅक्स हीच प्रजाती आहे. ती २००४ साली शास्त्रात दाखल झाली. त्यानंतर सापडत गेल्या त्या तिच्या जाती. आंब्याच्या भाषेत सांगायचे तर मँजिफेरा ही प्रजाती, इंडिका ही जाती, आणि हापूस, पायरी ही त्या एकाच जातीची वाणे. पायरीला कोणी नवी प्रजाती म्हटले तर कोकणातला कोणीही लगेच हटकेल. समुद्रातल्या प्राण्याच्या बाबतीतही तेवढीच काळजी घ्यावी, एवढीच विनंती.

हा शब्दांचा कीस वाटू नये म्हणून या प्रजातीची ओळख कशी पटवतात ते थोडे सविस्तर लिहितो. फोटो पाहून ‘हा तोच हाडे खाणारा’ असे सांगण्याची जी घाई होते, ती किती अपुऱ्या आधारावर असते हे त्यातून कळेल. या प्राण्याचा जो भाग फोटोत दिसतो तो निम्माच. ओळख पटवणारा बराचसा भाग हाडाच्या आत असतो.

फेब्रुवारी २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात २,८९१ मीटर खोलीवर ‘टिबुरॉन’ या दूरनियंत्रित यानाला करड्या देवमाशाचा सांगाडा दिसला. त्याच्या हाडांवर लाल तुऱ्यांचे दाट रान माजले होते. ग्रेग राउस, शाना गॉफ्रेडी आणि रॉबर्ट व्ह्रायेनहुक यांनी २००४ मध्ये ही प्रजाती आणि तिच्या पहिल्या दोन जाती जाहीर केल्या : रुबिप्लूमस, म्हणजे लाल तुऱ्याची, आणि फ्रँकप्रेसी. लॅटिनमध्ये ‘ऑस’ म्हणजे हाड आणि ‘एडॅक्स’ म्हणजे खादाड. नाव असे असले तरी खायला याला तोंडच नाही. आतडे नाही, गुदद्वारही नाही. मादीचे धड एका पारदर्शक, चिकट नळीत असते. वर चार स्पर्शिकांचा तुरा, तो श्वसनासाठी. खाली हाडात शिरलेली हिरवट मुळे. मुळांची त्वचा आम्ल सोडून हाड विरघळवते आणि मुळांत राहणारे जीवाणू हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनावर आणि चरबीवर या प्राण्याला पोसतात.

हा प्राणी ज्या कुलात बसतो, त्या सिबोग्लिनिडी कुलाची कहाणी तुटक्या नमुन्यांनी किती घोटाळा होतो याचे उत्तम उदाहरण आहे. १८९९ ते १९०० या काळात ‘सिबोगा’ या डच जहाजाने आजच्या इंडोनेशियाच्या समुद्रातून दोऱ्यासारखे बारीक नळकृमी वर काढले. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मॉरिस कॉलरी यांनी १९१४ मध्ये त्यांना सिबोग्लिनम असे नाव दिले. जहाजाचे नाव प्राण्याला देण्याची ही रीत आजही चालू आहे. ऑसेडॅक्सच्या टिबुरॉन, व्हेंटाना, वेस्टर्नफ्लायर या जातींची नावे यानांवरून आणि जहाजावरूनच आली आहेत. सिबोग्लिनमला तोंड नाही, आतडे नाही, आणि गाळातून ओढताना त्याचा मागचा तुकडा दर वेळी तुटून खालीच राहायचा. हातात यायचा तो पुढचा भाग. त्यावर ना वलये नीट दिसत, ना दृढरोमांची वलयी प्राण्यांसारखी मांडणी. त्यामुळे या प्राण्यांचा चक्क वेगळा संघ मानला गेला. पोगोनोफोरा, म्हणजे दाढीवाले. पाठ कुठली आणि पोट कुठले यावरसुद्धा वाद झाले.

१९६४ मध्ये नॉर्वेच्या फ्योर्डमधला, म्हणजे चिंचोळ्या खोल खाडीतला, एक सिबोग्लिनम शेवटच्या टोकापर्यंत अखंड मिळाला, आणि त्या टोकाला वलये होती, प्रत्येक वलयावर दृढरोम होते. पन्नास वर्षे गाळात राहून जात होता तो एवढासा तुकडा. तरी वाद लगेच मिटला नाही. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळच्या उष्ण झऱ्यांवर सापडलेल्या, दीड-दोन मीटर वाढणाऱ्या रिफ्टिया या नळकृमीसाठी १९८५ मध्ये आणखी एक वेगळा संघ सुचवला गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डीएनएच्या पुराव्याने हे दोन्ही ‘संघ’ वलयी प्राण्यांच्या पोटातच आहेत हे दाखवले, आणि दोन्ही मिळून एक कुल उरले. संघावरून थेट कुलावर, म्हणजे उतरंडीत तीन पायऱ्या खाली. ऑसेडॅक्सला २००४ मध्ये जागा मिळाली ती याच कुलात.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. हाड वर आणताना ते झाकणाच्या पेटीत, खालच्याच थंड पाण्यासह आणावे लागते. उघड्या टोपलीत आणले तर वर येईपर्यंत पाणी गरम होते, नळ्या धुऊन जातात, आणि त्या नळ्यांतच पुढे सांगणार आहे ते नर असतात. जहाजावर हाड ४ अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात ठेवून पहिले काम फोटो काढण्याचे. तुऱ्याचा लाल रंग हिमोग्लोबिनचा आहे. अल्कोहोलमध्ये तो जातो. तुऱ्यावरचे पांढरे पट्टे, गळ्याशी असलेले पिवळे किंवा नारिंगी वलय, यांवर जाती ओळखायला मोठी मदत होते. कित्येक जातींना रीतसर नाव मिळण्याआधी संशोधक ‘पिवळ्या गळ्याची’, ‘नारिंगी गळ्याची’ असेच म्हणत असत. बाटलीत सगळ्या सारख्याच फिकट दिसतात. म्हणून प्रत्येक नमुन्याचा जिवंतपणी, मोजपट्टीसह फोटो हवा, आणि फोटोतला नमुना व बाटलीतला नमुना यांचा क्रमांक एकच हवा.

मग गुंगी द्यायची. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात साधारण ७३ ग्रॅम स्फटिकी मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवून ते समुद्राच्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळतात. बारीक चिमट्याने तुऱ्याला हात लावल्यावर तो आत ओढला जात नाही, इतपत गुंगी आली की पुढे जायचे. ही पायरी गाळली तर प्राणी जोराने आक्रसतो, स्पर्शिका एकमेकींत गुंततात, आणि त्यांच्यावरची बारीक पिसे कुठल्या बाजूला आहेत, आहेत की नाहीत, हे पुढे कधीच कळत नाही. काही जातींच्या स्पर्शिका उघड्या असतात, त्यांना पिसेच नसतात. आक्रसलेल्या नमुन्यात पिसे झडलेली की मुळातच नसलेली, हा प्रश्न सुटत नाही.

सगळ्यात नाजूक काम हाडातून प्राणी काढण्याचे. चिमट्याने धरून ओढला की धड हातात येते आणि मूळ हाडात राहते. बाहेरून भोक टाचणीच्या डोक्याएवढे दिसते. आत मात्र पोकळी फुगत गेलेली असते आणि तिच्यात मुळांना लागून अंडाशयाची पिशवी असते. त्यामुळे भोकाच्या तोंडाशी न खोदता बाजूने, थोड्या अंतरावरून, छोट्या छिन्नीने किंवा हाड तोडायच्या चिमट्याने कपचा उडवत जायचे. शेवटचा पापुद्रा निघाला की आत हिरवट, ओलसर, जेलीसारखा ऊतक दिसतो आणि त्यात अंड्यांचे पांढुरके पुंजके. इथे हात थरथरला की अंडाशय फुटतो. रुबिप्लूमसची मुळे लांब आणि फांद्या फुटलेली असतात, फ्रँकप्रेसीची आखूड, गोलसर पाळ्यांसारखी. निम्मी मुळे हाडात सोडून आलेल्या नमुन्यावर हा फरक सांगता येत नाही.

घाई नसेल तर हाडाचा छोटा ठोकळाच प्राण्यासकट फॉर्मालिनमध्ये पक्का करून नंतर ईडीटीए या चुना ओढून घेणाऱ्या रसायनाच्या उदासीन द्रावणात काही आठवडे ठेवतात. चुना निघून जातो, हाड रबरासारखे मऊ होते, मुळे जागच्या जागी दिसतात. चुना लवकर निघावा म्हणून तीव्र आम्ल वापरले तर हाडाबरोबर ऊतकही खराब होतो.

फॉर्मालिनच्या बाबतीत एक नेहमीचा गोंधळ इथेच सांगतो. बाजारात मिळणारे फॉर्मालिन म्हणजे सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि समुद्राचे पाणी नऊ भाग, हे झाले ‘१० टक्के फॉर्मालिन’, म्हणजे सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. दोन्ही आकडे एकाच द्रावणाचे आहेत. ते न कळल्यामुळे कोणी अडीचपट तीव्र करतो, तर कोणी अडीचपट पातळ. त्यात थोडा बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, घालावा, नाहीतर द्रावण हळूहळू आम्लधर्मी होते आणि हाडातल्या भोकाच्या कडा खाल्ल्या जातात. एक दिवस त्यात ठेवून धुऊन मग ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये. पण त्याआधी एका स्पर्शिकेचा तुकडा कापून थेट ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये टाकलाच पाहिजे. फॉर्मालिनमध्ये गेलेल्या ऊतकातून डीएनए काढणे फार कठीण. तुकडा स्पर्शिकेचाच का? मूळ घेतले तर त्यातल्या जीवाणूंचा डीएनए सोबत येतो, नळी घेतली तर तिला चिकटलेल्या इतर जीवांचा. अल्कोहोल तुकड्याच्या निदान दहापट हवे आणि एका दिवसाने बदलायला हवे, कारण ऊतकातल्या पाण्याने ते पातळ होते.

नर कुठे असतात, हे या प्रजातीचे सर्वांत विलक्षण लक्षण. मादीच्या नळीला भिंगाखाली आडवे धरून खालून प्रकाश सोडला की धडाभोवती पांढरे ठिपके, बारीक तुसांसारखे, दिसतात. तेच नर. बहुतेक जातींत नर एक मिलिमीटरच्या आतबाहेर, डिंभकावस्थेतच, म्हणजे बाल्यावस्थेतच, राहिलेले, आईने अंड्यात भरून दिलेल्या बलकावर जगणारे. रुबिप्लूमसच्या एकाच मादीच्या नळीत शंभराहून अधिक नर मोजले गेले आहेत. हाडावर उतरलेला डिंभक मादी होतो आणि मादीवर उतरलेला नर, असे संशोधकांना वाटते. वर्गीकरणाच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की प्रौढ मादीच्या अंगावर दृढरोम दिसत नाहीत. या नरांच्या मागच्या टोकाला मात्र वाकडे, आकडीदार दृढरोम असतात. दृढरोमी कृमींमध्ये हिची गणना का, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा त्या तुसाएवढ्या नराच्या शेपटीशी आहे. नळी फेकून दिली की तो पुरावा गेला. ‘बहुतेक जातींत’ म्हणालो, कारण प्रायापस या जातीचे नर मादीच्या सुमारे एक तृतीयांश आकाराचे असतात आणि स्वतः हाड पोखरून जगतात. नर खुजा नसला म्हणून प्राणी ऑसेडॅक्स नव्हे, असे म्हणता येत नाही.

आणखी एक फसवणूक : एका हाडावर एकच जाती, हा समज. माँटेरे उपसागरात ३८२ मीटरपासून २,८९१ मीटरपर्यंत वेगवेगळ्या खोलीवरच्या देवमाशांचा अभ्यास झाला, आणि एकाच सांगाड्यावर अनेक जाती शेजारी शेजारी आढळल्या. त्यात कोवळ्या मादीचा तुरा पूर्ण वाढलेला नसतो, त्यामुळे लहानग्या माद्या वेगळीच जाती वाटतात. इथे डीएनए लागतो. प्राण्यांच्या ‘बारकोड’साठी वापरतात तो मायटोकाँड्रियातला सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा पहिल्या चाळणीला पुरतो. एकाच जातीच्या प्राण्यांत त्यात अगदी थोडा फरक पडतो, दोन जातींत ठळक. पण केवळ त्याच्यावर विसंबू नये. केंद्रकातल्या एक-दोन जनुकांची जोड हवी आणि शरीराच्या लक्षणांशी मेळ बसायला हवा. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रातून १४ नव्या जाती एकाच शोधनिबंधात जाहीर झाल्या. त्यांतल्या कित्येक आधी बरीच वर्षे टोपणनावांनी वावरत होत्या. एवढा वेळ का लागला असे विचारणाऱ्यांनी वरची प्रत्येक पायरी पुन्हा वाचावी.

जाती नवी ठरली तरी नाव आपोआप मिळत नाही. एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा अधिकृत आधार, म्हणून नेमावा लागतो, तो ज्या संग्रहात ठेवला त्याचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो, जवळच्या जातींपासून वेगळेपणाची लक्षणे लिहावी लागतात. शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर तो झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदलेला हवा, नाहीतर नियमांच्या दृष्टीने ते नाव अस्तित्वातच येत नाही. फोटो कितीही सुंदर असो, संग्रहात नमुना नसेल तर पुढच्या अभ्यासकाला दाव्याची तपासणी करता येत नाही.

आपल्याकडे याचा संबंध काय, असे कोणी म्हणू नये. ऑसेडॅक्स फक्त कॅलिफोर्नियाची नाही. स्वीडनच्या किनाऱ्याजवळ अवघ्या १२५ मीटरवर म्यूकोफ्लोरिस सापडली. जपानमध्ये २००२ साली किनाऱ्याला लागून मेलेले स्पर्म देवमासे खोल पाण्यात नेऊन बुडवले, त्यांच्या हाडांवर जॅपोनिकस मिळाली. अंटार्क्टिकाजवळ सापडली. देवमाशाचीच हाडे लागतात असेही नाही. माँटेरेत गाईची हाडे ठेवून पाहिली, त्यांवरही ती आली. माशाच्या हाडांवर आली. मेक्सिकोच्या आखातात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बुडवलेल्या मगरीच्या सांगाड्यावर आली. इटलीत तस्कनीतल्या सुमारे ३० लाख वर्षांपूर्वीच्या देवमाशाच्या हाडांत तिच्या भोकांचे ठसे आहेत.

कोकणात मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला की जेसीबीने खड्डा खणून पुरतात. गावाच्या आरोग्यासाठी ते योग्यच. देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय हाडाला हात लावता येत नाही, आणि कोणी लावूही नये. पण शोध घ्यायला देवमाशाची गरजच नाही. खाटिकखान्यातली म्हशीची मांडीची हाडे, गंज न चढणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यात, वजन बांधून खोल समुद्रात ठेवता येतात. जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. अरबी समुद्रात साधारण २०० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू अत्यंत कमी असतो. पिंजरा त्या पट्ट्यात पडला आणि वर्षाने हाड कोरे निघाले, तर ‘अरबी समुद्रात ऑसेडॅक्स नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पिंजरे पट्ट्याच्या खाली, निदान १,५०० मीटरच्या पुढे हवेत, आणि एकाच्या ऐवजी वेगवेगळ्या खोलीवर तीन-चार हवेत. हाडे उकळून स्वच्छ करू नयेत. उकळले की याला हवी असलेली चरबी आणि कोलॅजेन निघून जाते.

गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर झाली. तिच्यात ६,००० मीटरपर्यंत तीन माणसे नेणाऱ्या ‘मत्स्य ६०००’ पाणबुडीबरोबर खोल समुद्रातल्या जीवांचा अभ्यासही आहे. मध्य हिंद महासागरात धातूंच्या गोळ्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. खोल समुद्राच्या मऊ गाळात, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्राण्यांत, संख्येने बहुधा दृढरोमी कृमीच जास्त असतात. खाणकामाने काय नष्ट होईल हे सांगायचे तर आधी तिथे काय आहे त्याची जातीपर्यंतची यादी हवी. गाळ चाळताना नळाची धार जोरात सोडली की हे कृमी तुटतात, आणि यादीत ‘अनिश्चित’ या रकान्यात जातात. पाणबुडी बांधायला जसे अभियंते लागतात तसे चाळणीशी आणि भिंगाशी वर्षानुवर्षे बसणारे वर्गीकरणतज्ज्ञ लागतात, त्यांच्या नेमणुका लागतात. यावर आपल्या वृत्तपत्राने लिहावे असे कळकळीने वाटते.

आणि पुढच्या वेळी खोल समुद्रातल्या नव्या प्राण्याची बातमी येईल तेव्हा प्रजाती की जाती हे तपासून, शक्य झाल्यास चार गोष्टी जरूर छापाव्यात : किती खोलीवर मिळाला, ओळख कोणी पटवली, नमुना कुठल्या संग्रहात ठेवला आहे, आणि तो अखंड आहे की तुटका.

आपला,
सागरी प्राणिवर्गीकरणाचा एक अभ्यासक